सर्जेरावांचे सहा क्यूब

काँक्रीटलाही वाफसा असतो, हे मला इंजिनिअरिंग कॉलेजात कुणी शिकवलं नाही. पाऊस उघडल्यावर जमीन दोन दिवस नुसता चिखल असते, पुढं वाळून ढेकळं होतात, आणि मध्ये थोडाच वेळ ती अशी येते की पेरणाऱ्याच्या पायाला बरोबर कळतं. तो वाफसा. हिंजवडीचे सर्जेराव स्लॅब ओतून झाला की चपला काढून कडेच्या फळीवर उकिडवे बसायचे, तीन इंची खिळा ओल्या काँक्रीटवरून हलकेच ओढायचे आणि म्हणायचे, "न्हाय अजून. वाफशाला आलं न्हाय." मग अर्ध्या तासानं पुन्हा खिळा. मी शेजारी सुई टोचून घट्टपणा मोजायचं उपकरण घेऊन उभा असायचो. उपकरणाचं आणि खिळ्याचं उत्तर पाच-दहा मिनिटांच्या फरकानं बहुधा एकच यायचं, आणि मला त्याचा थोडा रागही यायचा.

मी माधव करडे. घर कसबा पेठेत, तांबट आळीत. वडील हंडे-घागरी ठोकायचे आणि हातोडीच्या आवाजावरून पत्रा कुठं पातळ पडलाय ते सांगायचे. मी शिकलो, म्हणजे आवाज ऐकायचं विसरलो आणि आकडे वाचायला लागलो. दोन हजार बारा साली हिंजवडीत एका आयटी कंपनीच्या ऑफिसची इमारत चालली होती, तिथं मी क्वालिटीचा इंजिनिअर होतो आणि सर्जेराव माझ्या हाताखाली लॅबमध्ये मदतनीस. आता ते नाहीत. ज्या बाईसाठी ते शेवटपर्यंत गप्प राहिले, ती मथुराबाईही गेल्या श्रावणात गेली. म्हणून आज लिहितो. ती असती तर मीही तोंड उघडलं नसतं, आणि त्यात माझा काही मोठेपणा नव्हता.

जिथं ती इमारत उभी राहत होती, त्याच्या लगतच्या पट्ट्यात पूर्वी सर्जेरावांची ज्वारी असायची. जमीन गेली, पैसे आले. भावकीतल्या बाकीच्यांनी गाड्या घेतल्या आणि गाड्या उभ्या करायला जागा नाही म्हणून भांडणं केली. सर्जेरावांनी चार मजली घर बांधलं, वरचे तीन मजले आयटीतल्या पोरांना भाड्यानं दिले आणि महिनाभर ओट्यावर बसून पाहिलं. "बसून बसून माणूस आंबतो," असं म्हणून एके दिवशी ते साइटच्या गेटवर काम मागायला आले. गाव हसलं. त्यांच्या बायकोनं, सरुबाईनं, तर तोंडावर सांगितलं, "जमीन दिली ती दिली, आता तिच्यावर जाऊन हमाली बी करा."

पण गाव हसत असलं तरी गावाला त्यांच्याइतका खरा माणूस दुसरा माहीत नव्हता. बांधावरून भांडण लागलं की मोजणीची दोरी सर्जेरावांच्या हातात द्यायचे, आणि दोरी पडेल तिथं दोन्हीकडचे गप्प बसायचे. डेअरीत दुधाचं माप घ्यायलाही सकाळी तेच उभे असत. हा लौकिक त्यांना फार प्रिय होता. ते बोलून दाखवत नसत, पण कुणी "सर्जेरावांचं माप आहे" म्हटलं की त्यांची मान जराशी ताठ व्हायची. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं त्यांनी जे दिलं ते हेच दिलं.

त्या इमारतीला 'हरित' म्हणून प्रमाणपत्र मिळवायचं होतं. सिमेंट बनवताना धूर फार होतो, म्हणून काँक्रीटमधलं निम्मं सिमेंट काढून त्याच्या जागी वीज केंद्रातली कोळशाची राख घातली होती. असं काँक्रीट वाईट नसतं. दोन-तीन महिन्यांनी तर साध्या काँक्रीटच्या वरताण होतं. पण ते मंद असतं, आणि थंडीत फारच मंद. साधा स्लॅब आठवड्यात जेवढा घट्ट होतो तेवढा व्हायला ह्याला दोन-दोन, तीन-तीन आठवडे लागतात, आणि तोवर खालचे लोखंडी टेकू काढता येत नाहीत. "उशिरा बोलणारं पोर हाय," सर्जेराव म्हणायचे, "मुकं न्हाय. दम धरायचा."

हा दम कधीपर्यंत धरायचा, ते पाहणं हे आमचं काम. स्लॅब ओततानाच त्यात एक नळी उभी करून ठेवायची, नळीत तेल आणि तेलात थर्मामीटर. सर्जेराव दिवसातून चार वेळा त्याचं तापमान वहीत लिहायचे. शिवाय त्याच काँक्रीटचे सहा-सहा इंची ठोकळे लोखंडी साच्यात घालून पाडायचे. त्यांना साइटवर सगळे क्यूब म्हणतात. काही क्यूब लॅबच्या पाण्यात राहायचे, पण टेकू काढायचे की नाही हे ठरवायला सहा क्यूब स्लॅबवरच जाळीच्या पिंजऱ्यात, ओल्या गोणपाटाखाली ठेवायचे. स्लॅबला जी थंडी तीच क्यूबला, स्लॅबला जो वारा तोच क्यूबला. मग त्यातले तीन मशीनमध्ये दाबून फोडायचे. काटा वीसच्या पुढं गेला की टेकू काढायला हरकत नाही. टेकूंना आम्ही जॅक म्हणतो, आणि जॅक काढण्याला सेंटरिंग खोलणं.

स्लॅबवर पाणी मारायला मथुराबाई होती. ती आणि तिचा नवरा सोनबा करमाळ्याकडचे. सोनबा सेंटरिंगच्या टोळीत. दोघं साइटवरच पत्र्याच्या खोलीत राहत. पोरबाळ नव्हतं. दोनदा पोटुशी राहिली होती, दोन्ही लेकरं आठवडाभरही जगली नाहीत, असं तिच्या लोणी काळभोरच्या बहिणीकडून मला फार पुढं कळलं. तेव्हा हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. सर्जेरावांनाही नव्हतं, नाहीतर त्यांनी तिला काम तसं समजावून सांगितलं नसतं.

त्यांनी सांगितलं ते असं. "मथुरा, ही ओली बाळंतीण हाय. सव्वा महिना हिला उन्हाचा चटका न्हाय, वाऱ्याचा झोत न्हाय. अंग कोरडं पडू द्यायचं न्हाय. अन् हे सहा तिची लेकरं. लेकराला जे झालं ते आईला झालं, असं समजायचं. कळलं?"

"कळलं दादा," मथुराबाई म्हणाली.

मी तिथंच होतो. मला ते ऐकून गंमत वाटली होती. चार दिवस ऑफिसात मी त्याची नक्कलही करून दाखवली.

डिसेंबरात थंडी पडली. पहिल्या मजल्याच्या पहिल्या भागाचा स्लॅब बाराव्या दिवशी तपासला तेव्हा काटा अकरावर थांबला. सर्जेरावांनी अकरा लिहिलं आणि सेंटरिंग आणखी आठ दिवस खोलू दिलं नाही. प्रोजेक्ट मॅनेजर साइटवर आले आणि सगळ्यांसमोर त्यांना बोलले. "कोण रे हा? आपल्याला ज्वारी नाही पिकवायची इथं. तुझ्या ह्या क्यूबांपायी माझं सगळं काम आठ दिवस मागं गेलं. पुढच्या स्लॅबला असं झालं तर तू घरी." पन्नाशीच्या माणसाला असं अरे-तुरे. सर्जेराव पायांकडं बघत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "थंडी हाय, साहेब. लेकरं काकडल्यात. काकडलेलं पोर वाढत न्हाय."

मथुराबाई हातात पाण्याचा पाइप धरून दहा हातांवर उभी होती. तिनं ते ऐकलं.

दुसऱ्या भागाचा स्लॅब दोन जानेवारीला ओतला. थंडी आणखी वाढली होती, पहाटे साइटवरच्या बादल्या हाताला चावायच्या. सर्जेरावांच्या वहीत स्लॅबचं तापमान अकरा, बारा, अकरा असं चाललं होतं. एकदा सकाळी त्यांनी पिंजऱ्यातला एक क्यूब उचलून दुसरीकडं ठेवला आणि मला म्हणाले, "हा जरा कोमट लागला का हो?" मी म्हटलं, ऊन लागलं असेल. सकाळचे सात वाजले होते. पिंजऱ्यावर ऊन यायला नऊ व्हायचे. हे मला माहीत होतं, पण मी काही लक्ष देऊन बोललो नव्हतो.

चौदा तारखेला संक्रांत होती. सकाळी सोनबानं सगळ्या साइटला तिळगूळ वाटला. दुपारी तीनला आम्ही तीन क्यूब फोडले. लॅबमध्ये मी आणि सर्जेराव, दोघंच. मशीन जुनं, काट्याचं, त्यात नोंद राहत नाही, जे डोळ्यांनी वाचू ते खरं. पहिला क्यूब तेवीसला फुटला, दुसरा बावीसला, तिसरा चोवीसला. मला हायसं वाटलं. सर्जेरावांचा चेहरा मात्र उतरला.

"साहेब, हे बसत न्हाय," ते म्हणाले. "मागल्या स्लॅबला ह्याच दिवशी अकरा होतं, अन् तेव्हा थंडी कमी होती. आज तेवीस कसं? म्या दुपारी खिळा ओढून बघितला. स्लॅब अजून कच्चा हाय. क्यूब हो म्हणतोय, पर स्लॅब न्हाय म्हणतोय. चार दिवस थांबा. उद्या तशी बी संक्रांतीची कर हाय, करीला कोण नवं काम काढतंय?"

माझी घरी जायची घाई होती. बायकोनं हळदीकुंकू ठेवलं होतं आणि कंपनीची बस चारला सुटायची. मी म्हणालो, "सर्जेराव, स्लॅबच्या म्हणण्यावर सही करता येत नाही. क्यूबच्या आकड्यावर येते. आणि प्रोजेक्ट मॅनेजरला मी काय सांगू, खिळा नको म्हणाला?"

असं बोलण्याची आमच्याकडं पद्धत आहे. बोलून झालं की आपण फार हुशार आहोत असं दिवसभर वाटतं. सर्जेराव हसले नाहीत. त्यांनी तीन आकडे लिहिले, खाली सही केली, आणि चिठ्ठी सेंटरिंगवाल्यांकडं गेली. माझी सही नंतर सगळ्या कागदांबरोबर व्हायची होती, ती राहिली. त्यांची चूक एवढीच, की हातानं नाही म्हटलेलं असताना त्यांनी आकड्याचं ऐकलं. माझ्याकडं तर ऐकायला हातही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला त्या स्लॅबचा एक गाळा, म्हणजे चार खांबांमधला तुकडा, खाली आला. वर भिंतींसाठी ब्लॉक रचून ठेवले होते. टोळीनं जॅकच्या दोन रांगा काढल्या आणि तिसरी काढायला घेतली तेव्हा स्लॅब मधोमध बसला. आवाज मोठा नव्हता, भरलेली गाडी रिकामी करतात तसा. दोघांचे पाय मोडले. सोनबा तिसऱ्या रांगेत होता, त्याला काढायला दुपारचा दीड वाजला. मथुराबाई शेजारच्या गाळ्यावर पाणी मारत होती. ती धावत खाली आली तेव्हा पाइप तिथंच पडला, आणि दिवसभर पाणी वाहत राहिलं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

काढलेला काँक्रीटचा तुकडा सर्जेरावांनी हातात घेतला आणि अंगठ्यानं दाबला. कडा चुरून त्यांच्या तळहातावर पडली. ते माझ्याकडं बघत राहिले.

सोळा तारखेला सकाळी आम्ही दोघं मथुराबाईच्या खोलीवर गेलो. सोनबाचं प्रेत अजून हॉस्पिटलात होतं, चिरफाड व्हायची होती. खोलीत मथुराबाई भिंतीला टेकून बसली होती, शेजारी लोणीहून आलेली बहीण. सर्जेराव दारातच थांबले. ते कुठं बघतायत म्हणून मीही बघितलं. खोलीच्या मध्यात तेलाच्या डब्याची शेगडी होती, आणि तिच्या भोवती सारवलेल्या जमिनीत सहा चौकोनी खळगे पडले होते. सहा-सहा इंचांचे, काठ सुरेख. प्रत्येकात गोणपाटाची वीण उमटली होती.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते. लेकराला धुरी देतात, शेकतात. काकडलेलं पोर वाढत नाही, हे सर्जेरावच म्हणाले होते. ती रोज दिवस मावळला की आठ-आठ किलोचे सहा क्यूब घमेल्यातून दोन खेपांत खाली आणत होती, ओल्या गोणपाटात गुंडाळून शेगडीभोवती ठेवत होती आणि पहाटे परत नेऊन पिंजऱ्यात मांडत होती. दादांना पुन्हा बोलणी बसू नयेत म्हणून. राखेचं काँक्रीट उबेला भराभर वाढतं. क्यूब वाढले. स्लॅब वर थंडीत कच्चाच राहिला.

मला हे समजायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सर्जेराव आत जाऊन त्या खळग्यांवर मांडी घालून बसले होते. ते बहिणीला म्हणाले, "ताई, माणसं येतील आता. जमीन सारवून घ्या." घरात माणूस गेल्यावर जमीन सारवतातच. ती उठली आणि शेण कालवायला लागली.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तुम्ही बघितलं?"

"बघितलं."

"न्हाय बघितलं." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "साहेब, तिला ठावं न्हाय. तिनं नवऱ्याला मारलं, हे आता तिला पोलीस सांगतील, वकील सांगतील, पेपरवाले सांगतील. मरस्तोवर सांगतील. अन् तिला हे शिकवलं कुणी? म्या. लेकरं काकडल्यात कोण म्हणलं? म्याच."

"मग तुम्ही काय सांगणार? आकडा चांगला आणि स्लॅब कच्चा, हे त्यांना दिसणारच."

"आकडा म्या मनानं लिव्हला म्हणून सांगतो. क्यूब फोडलेच न्हाईत."

ज्या माणसाच्या हातात गाव दोरी देत होतं, तो सांगत होता की मी खोटं माप लिहिलं म्हणेन.

"मी होतो ना तिथं," मी म्हटलं.

"तुम्ही संक्रांतीला लवकर घरी गेलता. हो का न्हाय?"

मी हो म्हणालो. किती पटकन म्हणालो, ते मला अजून ऐकू येतं. कारण खरं बाहेर आलं असतं तर पहिला प्रश्न मलाच आला असता: तुमच्या स्लॅबवरचे क्यूब दहा दिवस रोज खाली जात होते, तुम्ही काय करत होतात? आणि दुसरा: तुमच्या माणसानं थांबा म्हटलं होतं का? सर्जेराव मथुराबाईला वाचवत होते, आणि त्याच पांघरुणाखाली मी गुपचूप शिरलो. ते म्हणाले म्हणून मी गप्प बसलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे.

उरलेले तीन क्यूब शेजारच्या गाळ्यावर पिंजऱ्यात तसेच होते. पंचनाम्याला माणसं यायच्या आत सर्जेरावांनी ते घण घालून फोडले आणि राडारोड्यात मिसळून टाकले. मी लांबून बघत होतो. घण घालणारा माणूस रडत होता.

पुढचं लवकर झालं आणि फार वर्षं चाललं. सर्जेरावांना अटक झाली. पेपरात आलं, 'खोट्या आकड्यानं घेतला बळी'. चौकशीत मी सांगितलं की मी चारच्या बसनं गेलो होतो. हे खरंच होतं, बस चारला सुटली होती. फक्त क्यूब तीनला फोडले होते. माझं नाव कागदावर साक्षीदार म्हणून आलं. सर्जेरावांची तापमानाची वही कुणी मागितलीच नाही. ती माझ्याकडं राहिली. तिच्यात चौदा तारखेला तापमानाच्या शेजारी त्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: 'स्लॅब नाही म्हणतो.'

पाच वर्षांनी निकाल लागला आणि त्यांना एक वर्षाची सजा झाली. आत जाण्याआधीच गावानं आपला निकाल दिला होता. डेअरीतलं माप गेलं. बांधाच्या मोजणीला सरकारी माणूस बोलवायला लागले. एकदा कुणाच्या लग्नात पंगतीला ताटं किती लागतील असं विचारलं, सर्जेराव पन्नास म्हणाले, तर भावकीतला एक तरणा पोरगा सगळ्यांदेखत म्हणाला, "मोजून सांगताय का मनानं?" पंगत हसली. ते पुन्हा कुठल्या लग्नाला गेले नाहीत. हे मला सरुबाईनं सांगितलं. तिलाही त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. ती नवऱ्याला डबा घेऊन तुरुंगात जायची आणि परत येताना सगळ्या रस्त्याभर त्याला शिव्या द्यायची.

मला बढती मिळाली. दहा वर्षांत मी सर्जेरावांकडं दोनदा गेलो. दोन्ही वेळा ते ओट्यावर बसलेले होते, वर आयटीची पोरं गाणी लावून बसलेली. दोन्ही वेळा त्यांनी एकच विचारलं.

"मथुरेला कळलं न्हाय ना?"

"नाही."

"मग झालं," ते म्हणायचे, आणि सरुबाईला चहा टाकायला सांगायचे. त्या 'मग झालं'वर तो माणूस जगला. गाव, घर, लौकिक, सगळं एका बाजूला गेलं तरी दुसऱ्या बाजूला एवढं होतं, की ती बाई सुखानं झोपत असेल. मलाही तसंच वाटायचं. मथुराबाईला भरपाई मिळाली होती, ती करमाळ्याला परत गेली नाही. त्याच इमारतीत, नव्यानं ओतलेल्या त्याच मजल्यावर, ती झाडलोटीच्या कामाला लागली होती.

दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत सर्जेराव झोपेतच गेले. तेराव्याला मी गेलो. भावकीतले थोडेच लोक होते, आणि जेवायची घाई दिसत होती. मी निघालो तेव्हा गेटपाशी मथुराबाई उभी होती. कंपनीचा निळा कोट, केस पिकलेले. ती आत आली नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "एक सांगायचं हाय. दादा असते तर सांगितलं नसतं. त्यांनी झाकलं ते म्या कशाला उघडू?"

मला वाटलं, हिला कळलं.

"त्या येळेला म्या त्यांची लेकरं शेकत हुते," ती म्हणाली. "रोज. खाली आणायची, शेगडीजवळ ठेवायची, पहाटं नेऊन ठेवायची. दादांना कुणी बोलू नये म्हणून. एक दिस मात्र म्या गेले लोणीला, बहिणीच्या नातवाचं बारसं हुतं. मालकांना सांगून गेले, तेवढी लेकरं खाली आणा म्हणून. ते दमले असतील, ऱ्हायलं त्यांच्याकडनं. सहाच्या सहा रातभर उघड्यावर काकडली."

"म्हणून स्लॅब कच्चा ऱ्हायला. लेकराला जे झालं ते आईला झालं. दादांनी क्यूब फोडले तवा त्यांना कळलं आसंल, आकडा कमी आला आसंल. माझं नाव यायला नको म्हणून त्यांनी वाढवून लिव्हला, अन् पुन्हा समदं आपल्या अंगावर घेतलं. माझी एक रात त्यांनी पोटात घातली, साहेब. म्या बारशाचं गोड जेवत हुते, अन् हिकडं मालकांचं मरण तयार झालं. धा वरसं झाली, गोड काय तोंडात घातलं न्हाय."

दहा वर्षं. सर्जेराव ओट्यावर बसून 'मग झालं' म्हणत होते त्या सगळ्या काळात ती हे उरात घेऊन त्याच मजल्यावर फरशी पुसत होती. ज्या एका गोष्टीपासून तिला वाचवायला त्यांनी नाव घालवलं, ती गोष्ट तिला स्वतःच सापडली होती, फक्त उलटी. मला ओरडावंसं वाटलं. कुणावर, ते कळेना.

"मथुराबाई, त्या एका रात्रीनं काहीही झालं नव्हतं," मी म्हणालो. "मी इंजिनिअर आहे, मला माहीत आहे. शपथ घेऊन सांगतो."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी हललं. "खरं? मग कशानं झालं?"

आता इथं दोनच उत्तरं होती. एक खरं होतं, आणि त्यात एका रात्रीच्या ऐवजी बाकीच्या सगळ्या रात्री तिच्या पदरात पडल्या असत्या. दुसरं उत्तर सर्जेरावांनी दहा वर्षांपूर्वी तयार करून ठेवलं होतं.

"आकडा खोटा होता," मी म्हणालो. "सर्जेरावांनी क्यूब फोडलेच नव्हते. कंटाळा केला आणि मनानं लिहिलं. तुमचा काही संबंध नाही."

तिच्या डोळ्यांत जे हललं होतं ते विझलं. आतून पंगतीचा आवाज येत होता.

"आज त्यांचं तेरावं हाय, साहेब," ती म्हणाली. "आज तरी त्या देवमाणसाबद्दल खोटं बोलू नका."

आणि ती कंपनीच्या रस्त्यानं चालू लागली, दुपारच्या पाळीला उशीर होत होता.

त्यानंतर ती दीडेक वर्ष जगली. कधी त्या इमारतीच्या गेटवर दिसली की मी हात करायचो, ती मान वळवून घ्यायची. शेवटपर्यंत तिची दोन गोष्टींवर खात्री होती: नवरा आपल्या एका रात्रीनं गेला, आणि करडेसाहेब खोटारडा माणूस आहे. त्यातली दुसरी खरी होती.